खोडव्याची तारीख

माझं काम नेमकं काय आहे हे आमच्या घरात अजून कुणाला धड सांगता येत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या शेजारणींना सांगायच्या, "सुनंदा साखर कारखान्यांचं बघते." त्यावर शेजारीण हमखास म्हणायची, मग सणासुदीला साखर येत असेल की घरी. सव्वीस वर्षांत साखरेचा दाणा आला नाही. आता पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्यातलं काहीतरी सांगा, पण आम्हाला कळेल असं" अशी अट घातली आहे. अट रास्त आहे, म्हणून आधी कामच सांगते.

आमची कंपनी सांगलीजवळ माधवनगरला, एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. साखर कारखान्यांच्या शेतकी खात्याला लागणारा प्रोग्रॅम आम्ही तयार करतो. कुणाचा ऊस कुठल्या रानात आहे, कधी लावला, आणि तोडणीला कुणाची पाळी आधी, हे त्यात असतं. दहा-बारा जण आपापला तुकडा लिहितात. ते तुकडे गोळा करायचे, जोडून एक चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, तो तपासायचा आणि कारखान्याच्या यंत्रावर नेऊन बसवायचा, एवढं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. स्वयंपाक दहा जणींनी केला आणि वाढायला एकटी उभी राहिली की काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माझी नोकरी कळेल.

सुरुवातीला हे सगळं हातानं चालायचं. मी सांगलीहून एसटीनं कराडच्या बाजूला जायची, पर्समध्ये पेन ड्राइव्ह, पिशवीत डबा. एकदा एका कारखान्यात चार साहेब मागे उभे राहिलेले असताना पेन ड्राइव्ह लावला, तर त्यातून पुतणीच्या बारशाचे फोटो निघाले. प्रोग्रॅमचा पेन ड्राइव्ह जावेकडं गेला होता. साहेबांनी बाळ गोड आहे म्हणून सांगितलं आणि मी पुढच्या एसटीनं परत आले.

मग कंपनीनं या कामासाठी एक वेगळा संगणक घेतला आणि त्यावर हे सगळं आपोआप करणारी व्यवस्था बसवली. धंद्यात याला ऑटोमेशन सर्व्हर म्हणतात. कुणी कोडमध्ये बदल केला की तो स्वतःहून जागा होतो, सगळ्यांचे तुकडे गोळा करतो, प्रोग्रॅम बांधतो, आम्ही लिहून ठेवलेल्या शेकडो चाचण्या त्यावर चालवतो, आणि सगळं ठीक असेल तरच कारखान्याकडं पाठवतो. एक चाचणी चुकली तरी लाल खूण करून जागच्या जागी थांबतो. स्वतः तो फारसं काही करत नाही. इतर संगणकांना कामाला लावतो आणि कुणी काय केलं ते टिपून ठेवतो. ऊसतोडणीच्या टोळीचा मुकादम हेच करतो, म्हणून आम्ही त्याला मुकादम म्हणू लागलो. नव्या मुलांना वाटायचं हे कुणा माणसाचंच नाव आहे. एकानं तर पहिल्याच दिवशी, मुकादमांना भेटायला कधी जाऊ, म्हणून विचारलं होतं.

मुकादमाची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं शंकरमामा नावाचे शिपाई होते. याच शेडमध्ये त्यांनी वीस वर्षं माग चालवला होता, माग गेले तरी मामा राहिले. खंडेनवमीला ते शेडमधल्या प्रत्येक यंत्राची पूजा करायचे. एका वर्षी त्यांनी मुकादमाला झेंडूचा घसघशीत हार घातला, हळदकुंकू वाहिलं, वर नवा टॉवेल पांघरला. दुसऱ्या दिवशी दसरा, ऑफिस बंद. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मुकादम गार पडलेला. पाकळ्या पंख्यात ओढल्या गेल्या होत्या आणि टॉवेलमुळं वारं लागलं नव्हतं. यंत्र तापून आपणहून बंद झालं होतं. मी मामांवर तोंड सोडलं. मामा शांतपणे म्हणाले, "मागाला हार घालायचो तवा माग बंद असायचा. तुमचं ह्ये येंत्र सुट्टीच घेत न्हाई, मग त्येची पूजा करायची कवा?" तेव्हापासून खंडेनवमीला आम्ही मुकादमाला एक दिवस बंद ठेवतो.

माझा स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे, ऑफिसातही सगळ्यांना माहीत आहे. मुकादमानं लाल खूण केली की कुणीही येऊन "मॅडम, एवढ्या वेळी सोडा ना" म्हटलं तरी मी सोडत नसे. चाचणी चुकत असताना ती वगळून प्रोग्रॅम पुढं पाठवायची सोय मुकादमात असते. तो अधिकार फक्त दोघांना होता, आमच्या साहेबांना आणि मला. वगळताना कारण लिहावं लागतं. साहेबांनी तो कधी वापरला नाही, कारण त्यांना ते जमत नसे. मी वापरत नाही, याचा मला गर्व होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्यासाठी उसाची थोडी माहिती लागेल. तोडणीचा नियम साधा आहे, ज्याचा ऊस जास्त पिकला त्याची पाळी आधी. ऊस नवा लावलेला असेल तर वय लागणीच्या तारखेपासून मोजतात. पण ऊस तोडल्यावर त्याच बुडख्याला पुन्हा फुटवे येतात आणि दुसरं पीक निघतं, त्याला खोडवा म्हणतात. खोडव्याचं वय मागच्या तोडणीपासून धरायचं असतं. मूळ लागणीपासून धरलं तर कोवळा खोडवाही वर्षानं म्हातारा दिसतो आणि यादीत सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो.

हे बरोबर चाललंय का ते बघणारी एक चाचणी होती. ती जरा रडकी होती. मुकादमावर कामाचा ताण आला की ती काही चूक नसताना लाल व्हायची, आणि पुन्हा चालवली की हिरवी. तिला एकदा नीट करायला हवं, असं मी दोन वर्षं म्हणत होते.

त्या हंगामात कराडजवळच्या एका कारखान्यानं आमच्याकडून नवी सोय घेतली होती. शेतातली नोंद आता थेट मोबाईलवरून करता येणार होती. आधी एकाच गटात, म्हणजे दोन-तीन गावांत, वापरून बघायचं ठरलं. कारखान्याचा बॉयलर पेटवायचा मुहूर्त दोन दिवसांवर आलेला, आणि शेती अधिकाऱ्यांचे सकाळपासून सात फोन झालेले. दुपारी मी डबा उघडला आणि मुकादमानं लाल खूण केली. बघितलं तर तीच रडकी चाचणी. पुन्हा चालवली तर पाऊण तास जाणार होता. मी ती वगळली, प्रोग्रॅम पाठवला आणि जेवायला बसले.

पाऊण तासाचीच गोष्ट होती, हे मला आजही लागतं.

हंगाम सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर आला.

"म्याडम, मी म्हादू बोलतुया. चिटबॉय. ती मोबाईलची नोंद आमच्याच गटात हाय."

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा गावातला माणूस. रानोरान हिंडून उसाची नोंद घेणारा आणि पाळी आली की शेतकऱ्याला तोडणीची चिठ्ठी देणारा. हुद्द्यात बॉय असला तरी हा माणूस पन्नाशीचा होता, गावात म्हादूआप्पा म्हणायचे. मी विचारलं, "बोला आप्पा, मोबाईल चालत नाही का?"

"मोबाईल लय झ्याक चालतुया. पर यादीत माजाच खोडवा पैला आलाय. माज्या मागं आडसाली ऊस हायती, सोळा-सोळा म्हैन्यांचं. आसं कसं व्हईल?"

त्याच वेळी दुसऱ्या कारखान्याचा माणूस माझ्यासमोर बसला होता. मी म्हणाले, "आप्पा, आमचं मशीन प्रत्येक गोष्ट तपासूनच सोडतं. शेकडो चाचण्या असतात. तुम्ही नोंद करताना तारीख चुकली असेल, ती बघा." ते "बरं, बघतो म्याडम" म्हणाले आणि फोन ठेवला. मी तो फोन विसरूनही गेले.

दहा-बारा दिवसांनी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाज चढलेला होता. गावात बोंब झाली होती. चिटबॉयनं स्वतःचा खोडवा आधी तोडून रान मोकळं केलं, गहू पेरला, आणि लोकांचे पिकलेले ऊस तुरे येऊन, वजन घटत उभेच. अधिकाऱ्यांनी आप्पांना घरी बसवलं होतं. "वीस वर्षं हंगामी म्हणून राबला हा माणूस, या वर्षी कायम करायच्या यादीत त्याचं नाव चाललं होतं," ते म्हणाले. "आणि असला उद्योग. यादीत त्यानं हात कुठं घातला ते तुमच्या मशीनमधून काढून द्या मॅडम. परवा गट ऑफिसवर लोक जमणार आहेत, त्यांच्यापुढं ठेवतो."

मी पुरावा शोधायला बसले. कुणी कधी काय बदललं ते सगळं आमच्या प्रोग्रॅममध्ये राहतं. आप्पांनी यादीला हात लावलेला नव्हता. नोंदीतल्या तारखाही बरोबर होत्या, लागणीची आणि मागच्या तोडणीची, दोन्ही. तरी खोडवा पहिला. मग मला ती वगळलेली चाचणी आठवली. मुकादमाकडं गेले आणि त्या प्रोग्रॅमचा इतिहास उघडला. मोबाईलवरून आलेल्या खोडव्याचं वय मूळ लागणीपासून मोजलं जात होतं. रडकी चाचणी त्या दिवशी रडत नव्हती, खरं सांगत होती. खाली ओळ होती, चाचणी वगळली, वेळ बारा चाळीस, नाव माझं. आणि कारणाच्या रकान्यात मीच लिहिलेलं, "नेहमीचंच रडगाणं. नंतर बघू."

आमच्या साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही, पण कंपनी चालवायची असते. ते म्हणाले, "आजच दुरुस्ती पाठवू. पत्रात लिहू, तांत्रिक कारणामुळं क्रमवारीत फरक पडला. कारखान्याचं काम होऊन जाईल." खरं सांगते, मला ते पटलं होतं. पत्राचा मसुदाही मीच केला. वाचून बघितला तर त्यात म्हादूआप्पांचं नाव नव्हतं, माझं नव्हतं, आणि कुणाची चूक हेही नव्हतं. असलं पत्र गावात वाचून दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, कारखाना आपल्या माणसाला पाठीशी घालतोय. पत्र ठेवून दिलं. मुकादमाच्या त्या पानाची छापील प्रत काढली आणि ठरल्या दिवशी सकाळी पेठ नाक्यावरून कराडची गाडी धरली.

गावाचं नाव लिहीत नाही, तिथं दिवाळी अंक वाचणारे बरेच आहेत. गट ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं लिंबाचं झाड. तीस-पस्तीस माणसं जमली होती. शेती अधिकारी खुर्चीवर, आणि भिंतीला टेकून एक किडकिडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही. ते म्हादूआप्पा हे कुणी सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्या आजूबाजूला हातभर जागा सोडून लोक उभे होते.

मी उभी राहिले. काय झालं ते जमेल तसं सांगितलं. आमचं यंत्र प्रोग्रॅम कसा तपासतं, त्यानं चूक कशी पकडली होती, आणि मी ती कशी वगळली. मग कागद वाचला, वेळ, नाव, कारण. "नेहमीचंच रडगाणं, नंतर बघू," हे वाचताना लाज वाटली. मागून कुणीतरी हसलं. शेती अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली.

पुढं एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा पाऊण एकर आडसाली ऊस तुरा येऊन उभा होता, त्यामुळं राग सगळ्यात जास्त त्यांचा. ते म्हणाले, "ताई, तुमी आलासा, गलती कबूल केलीसा, ते आमाला मान्य हाय. फौजेत बी त्यालाच किंमत आसती. पर माजा सवाल येगळा हाय. मशीन चुकलं, ठीक. ह्यो म्हादू वीस साल ऊस बघतुया. आपला खोडवा पैला आला ह्ये काय त्याला दिसलं न्हाई? दिसलं, तर गप का बसला?"

सगळे म्हादूआप्पांकडं बघायला लागले. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. कागदावर चाचणी होती, वेळ होती, माझं नाव होतं. त्या फोनची नोंद मात्र कुठंच नव्हती. तो फोन फक्त दोघांना माहीत होता. मी वाट बघितली की आप्पा सांगतील. त्यांनी पिशवीचा पट्टा सारखा केला आणि खाली बघत उभे राहिले. आणि मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच संपली असती, हेही मला कळत होतं. एक चूक कबूल करून मी बऱ्यापैकी प्रामाणिक ठरले होते.

"ते गप्प बसले नव्हते," मी म्हणाले. "चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता. माझाच खोडवा पहिला कसा आला, असं विचारत होते. ही चूक सांगणारा फोन मला फक्त यांचाच आला, आणि फायदाही यांचाच होत होता. मीच त्यांना सांगितलं की मशीन बरोबर आहे, तुमचीच तारीख चुकली असेल."

सुभेदार उठले, आप्पांपाशी गेले आणि म्हणाले, "म्हादू, मला का सांगितलं न्हाईस रं?" आप्पा म्हणाले, "तुमी इचारलं कुटं, आबा? तुमी थेट सायबाकडं गेलासा." सुभेदारांनी मान डोलावली. मग दोघंही माझ्या चहाचं बघा म्हणून कुणाला तरी सांगायला लागले.

त्याच दिवशी अधिकाऱ्यांनी आप्पांना कामावर घेतलं. पण कायम करायची यादी आदल्या आठवड्यात वर गेली होती आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. मी पत्रं लिहिली, दोनदा कारखान्यावर जाऊन आले, आमच्या साहेबांनाही घेऊन गेले. नाव आलं ते दोन हंगामांनी. ती दोन वर्षं आप्पांची गेली. त्यांनी मला त्यावरून कधी शब्दानं दुखवलं नाही. मला बरं वाटावं असंही कधी काही म्हणाले नाहीत, आणि ते योग्यच होतं.

ती चाचणी मी दुसऱ्याच दिवशी नीट करून घेतली. दोन वर्षं जमलं नव्हतं ते काम साडेतीन तासांत झालं. वगळण्याचा माझा अधिकारही काढून घ्यायला लावला. नव्या मुलांना मी हा किस्सा सांगते, नाव लपवत नाही. ती गंभीर चेहऱ्यानं ऐकतात आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी "एवढ्या वेळी सोडा ना" म्हणत येतंच.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्या दिवशी गावातून परत निघणं. आप्पा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पायवाट. थोडं चालल्यावर मी विचारलं, "आप्पा, सगळ्यांसमोर तुम्ही फोनचं का सांगितलं नाही?"

ते चालता चालता म्हणाले, "सांगनार काय, ताई? तुमी म्हनलासा, मशीन तपासून सोडतंय, तुमचीच तारीख चुकली आसंल. मग घरी गेलो आन् वही काढली. वीस वर्सांत पैल्यांदा मी माजीच वही तपासाय बसलो. एकदा बघितली, दोनदा बघितली. शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतली, म्हनलं आपलं डोळं चुकत आसतील."

"मग?"

"मग काय. वही बराबर हुती. पर मी मशीनचंच खरं धरलं आन् खोडव्यावर टोळी घातली."